प्रोपेलर शाफ्टला ग्रीस भरताना या चुका टाळा

फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपखाली दोन प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद चाकांकडे नेणारे फिरते दांडे, असतात. एक ट्रान्सफर केसकडून (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी) मागच्या डिफरन्शियलकडे (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) जातो आणि दुसरा पुढच्या डिफरन्शियलकडे. सर्व्हिसिंग नुकतेच झाले असे मालक सांगतो, तरी पुढचा शाफ्ट कोरडाच सापडतो, असे मी इतक्या गाड्यांवर पाहिले आहे की आता तपासणीची सुरुवात तिथूनच करतो. पुढच्या शाफ्टचे निप्पल (ग्रीस भरण्याच्या बारीक तोट्या) बहुधा वरच्या बाजूला लपलेले असतात आणि शाफ्ट हाताने फिरवल्याशिवाय ग्रीस गनचे तोंड तिथे पोहोचत नाही. तेवढे कष्ट टाळले की काही महिन्यांनी क्रॉसच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातल्या चार हातांच्या तुकड्याच्या, कपांभोवती तांबूस भुकटी दिसू लागते. ही भुकटी म्हणजे कपांतल्या बेअरिंगच्या सुया गंजून झिजल्याची खूण आहे. त्या अवस्थेत ग्रीस भरून काहीही साधत नाही. क्रॉस बदलावाच लागतो.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र कमी ग्रीसची नसून जास्त ग्रीसची आहे, आणि ती स्लिप जॉइंटवर, म्हणजे शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकतात त्या सांध्यावर, होते. चाके खड्ड्यातून वरखाली होतात तसे शाफ्टच्या लांबीत थोडा फरक पडतो, आणि तो सामावून घेण्यासाठी स्प्लाइन (दोन्ही भागांवरचे लांब दात) एकमेकांत सरकतात. गाडी चेसिसवर उचलली की चाके खाली लोंबतात, शाफ्ट लांबतो आणि स्लिपच्या आत पोकळी तयार होते. नवशिका त्याच अवस्थेत, ‘भरपूर भरले म्हणजे काळजी नको’ या समजुतीने, गन घट्ट होईपर्यंत पंप मारतो.

दोडामार्ग तालुक्यातल्या रबराच्या बागेत चालणारी एक पिकअप माझ्याकडे आली, तेव्हा ट्रान्सफर केसच्या पुढच्या सीलमधून तेल गळत होते आणि बेअरिंग घरघरत होते. आदल्याच आठवड्यात बागेतल्या मुलाने गाडी उचलून मोठ्या उत्साहाने ग्रीसिंग केले होते. नंतर माल भरून गाडी उताराच्या कच्च्या रस्त्याला लागली, स्प्रिंगा दबल्या, शाफ्टला आखूड व्हायचे होते; पण आत ग्रीस ठासलेले, आणि ग्रीस काही दबत नाही. प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर बसत गेला. मी स्लिपचे निप्पल काढताच बोटभर लांबीची ग्रीसची वात जोराने बाहेर आली आणि तळहातावर पडली. बेअरिंग, सील आणि ट्रान्सफर केस उघडण्याची मजुरी असा सगळा खर्च मालकाच्या माथी आला. म्हणून स्लिपला मी गाडी चारही चाकांवर उभी असतानाच ग्रीस देतो, दोन-तीन पंप मारतो, आणि शाफ्ट किंचित सरकू लागला किंवा सीलमधून ग्रीस डोकावले की तिथेच थांबतो.

क्रॉसचा नियम याच्या उलट आहे. तिथे जुने, काळे ग्रीस चारही कपांच्या सीलमधून बाहेर पडून नवे दिसेपर्यंत सावकाश पंप मारायचा असतो. घाईची माणसे एका कपातून ग्रीस आले की गन काढून घेतात. ग्रीस सर्वांत सोपी वाट धरते. चौथा कप कोरडा राहतो आणि क्रॉस तिथूनच तुटतो. एखादा कप अडला, तर शाफ्ट हलवून त्या कपावरचा भार कमी करावा आणि पुन्हा पंप मारावा. तरीही ग्रीस येत नसेल, तर क्रॉस काढून पाहण्याला पर्याय नाही. हवेवर चालणारी गन या कामासाठी मला अजिबात मान्य नाही, कारण सील फाटल्याचे हाताला कळत नाही.

गन लावण्याआधी निप्पल फडक्याने पुसावा, नाहीतर त्यावरची वाळू सरळ सुयांमध्ये जाते. ग्रीस कोणते, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. लिथियमच्या ग्रीसवर चिकणमातीने किंवा पॉलियुरियाने घट्ट केलेले ग्रीस भरल्यास मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकते. ओढ्यातून गेलेल्या गाडीचे ग्रीसिंग किलोमीटर मोजत पुढे ढकलू नये. कोरड्या डांबरी रस्त्यावर पार्ट-टाइम (गरजेपुरती जोडायची) फोर-व्हील लावून गाडी चालवणाऱ्याने क्रॉस लवकर गेल्याची तक्रार करू नये.

शाफ्ट उतरवणार असाल, तर आधी फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडला जातो ती चकती) आणि स्लिपच्या दोन्ही भागांवर पंचाने खूण करा. कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा चढउतार रद्द करतो, पण दोन्ही योक (क्रॉस धरणारे काटे) कंपनीने ठेवलेल्या स्थितीत असले तरच. स्प्लाइन चुकीच्या दातावर बसल्या की गाडी वेगात थरथरते, आणि मग माणसे चाकांचे बॅलन्सिंग करत हिंडतात.

शेवटची गोष्ट जिवाशी संबंधित आहे. निप्पल समोर आणण्यासाठी मागचे एक चाक उचलले की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही घरंगळू शकते, कारण डिफरन्शियल जमिनीवरच्या चाकाला मोकळे फिरू देते. काही जुन्या गाड्यांचा हँडब्रेक तर ट्रान्सफर केसमागच्या ड्रमवरच असतो, म्हणजे मागचा शाफ्ट काढताच तो निरुपयोगी होतो. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय आणि जॅकच्या जोडीला स्टँड दिल्याशिवाय माझ्या गॅरेजमध्ये कोणीही गाडीखाली जात नाही.