लोगोचा शेवटचा हप्ता कागदावर सही झाल्याशिवाय सोडू नका

लोगो करून घेताना ‘डिझायनरचा पोर्टफोलिओ, म्हणजे आधीची कामं बघा’ असं सगळेच सांगतात, त्यात बघायचं काय ते कोणी सांगत नाही. समजा, घरगुती मसाल्यांचा धंदा आहे आणि नाव मराठीत आहे. मग डिझायनरकडे फक्त देवनागरी काम मागा. इंग्रजीत हात बसलेला माणूस मराठी अक्षरं टाइप करतो, सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरी नीट जुळवणारी सेटिंग) चालू करत नाही आणि ‘पिठलं’चं ‘पठिलं’ होऊन बसतं. रफार, जोडाक्षरं आणि शिरोरेषेचे सांधे नीट तपासा.

‘आधी एक सॅम्पल फुकट दाखवा’ म्हणू नका. फुकटात मिळते ती रेडीमेड आयकॉनची मिरची, खाली तुमचं नाव. तीच मिरची उद्या दुसऱ्याच्या पाकिटावर दिसते. शिवाय असे आयकॉन देणाऱ्या बऱ्याच साइटच्या अटींत ते चित्र ट्रेडमार्क म्हणून वापरायला मनाई असते.

काम काय हवंय ते एका पानावर लिहून द्या.

पैसे तीन हप्त्यांत द्या: ४० टक्के आगाऊ, ३० टक्के एक आराखडा पक्का झाल्यावर, ३० टक्के शेवटी. बदलांच्या दोन फेऱ्या आधीच ठरवा. रंग किंवा जाडी बदलणं हा बदल. ‘मिरचीऐवजी खलबत्ता टाका’ हे नवं काम, त्याचे पैसे वेगळे. डिझायनरची जीएसटी नोंदणी असेल तरच बिलावर १८ टक्के लागतील; त्याचा नंबर जीएसटी पोर्टलवर टाकून पाहा.

आता खरी गोम. पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला, असं बहुतेकांना वाटतं. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं असतं. बाहेरच्या डिझायनरचं तसं नाही. त्याच्या कामाचा पहिला हक्कदार साधारणपणे तोच. हक्क तुमच्याकडे यायला लेखी हस्तांतरण लागतं, त्यावर त्याची सही लागते. बिलावर ‘लोगो डिझाइन’ एवढंच लिहिलं असेल तर त्यावर विसंबू नका.

नुसता कागदही पुरत नाही. कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाचच वर्षांचं धरलं जातं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. दुबईला मसाले पाठवायचे असतील तर इथेच अडकाल. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर कलम १९(४) प्रमाणे तोही जातो, तसं नको असेल तर करारात लिहावं लागतं. म्हणून मजकूर साधारण असा ठेवा: ‘सोबत जोडलेल्या लोगोचे सर्व कॉपीराइट हक्क, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, रु. ____ च्या मोबदल्यात हस्तांतरित करत आहे. कलम १९(४) लागू राहणार नाही.’ लोगोची प्रिंट जोडून तिच्यावरही सही घ्या.

हा कागद आगाऊ रक्कम देतानाच दाखवून ठेवा. काम संपल्यावर काढलात तर ‘हक्कांचे वेगळे पैसे’ सुरू होतात, आणि शेवटचा हप्ताही देऊन बसला असाल तर तुमच्या हातात काहीच उरत नाही. बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर झालंय, यावर अजिबात राहू नका.

फाइली मागा: एआय (इलस्ट्रेटर सॉफ्टवेअरची फाइल) किंवा एसव्हीजी, पीडीएफ, पारदर्शक पीएनजी; रंगांचे सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे) आकडे; अक्षरं आउटलाइन केलेली, म्हणजे फॉन्टऐवजी आकारांत बदललेली, नाहीतर छापखान्यात तो फॉन्ट नसला की नावाचा विचका होतो. फॉन्टचं व्यावसायिक लायसन्स कोणाकडे आहे तेही विचारा. पीडीएफ भरपूर झूम करा. कडा चौकोनी तुकड्यांत फुटल्या तर आत जेपीजी कोंबलेला आहे, परत पाठवा.

१५ मिलिमीटर रुंदीची काळी-पांढरी प्रिंट काढा. त्यात नाव वाचता आलं नाही तर रबरी शिक्क्यावरही येणार नाही. पाऊच ग्रॅव्ह्युअरवर (कोरलेल्या सिलिंडरच्या छपाईवर) छापणार असाल तर रंगागणिक एक सिलिंडर लागतो, म्हणून दोन-तीन रंगांतच भागवा.

ट्रेडमार्कचा शोध आयपी इंडियाच्या सरकारी साइटवर फुकट होतो. नाव पक्कं करण्याआधी तो घ्या. नोंदणीसाठी माल वर्गांत विभागलेला असतो; मसाले वर्ग ३० मध्ये येतात. नोंदणीचा टीएम-ए फॉर्म ऑनलाइन भरल्यास व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये. ‘टीएम’ लगेच लावता येतं; गोलातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी लावणं गुन्हा आहे.