जुन्या गाडीची पॉवर विंडो अडकली? मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

कॉन्टेसा, सिएलो, एस्टीम, नव्वदच्या दशकातली मर्सिडीज अशा गाड्या जिवापाड सांभाळणारी माणसं रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत आहेत. इंजिनाकडे त्यांचं बारीक लक्ष असतं. दरवाज्याच्या आत मात्र काच अर्ध्यावर थांबेपर्यंत कोणी डोकावत नाही, आणि ती थांबली की निदान ठरलेलं असतं: मोटर गेली.

किनाऱ्यावर मोटर सहसा सगळ्यात शेवटी जाते. आधी काच ज्या खाचेतून सरकते त्या चॅनेलचं रबर कडक होतं, बिजागरीजवळ वायर तुटते, कनेक्टरला हिरवा गंज चढतो, दरवाज्याच्या तळाशी पाणी साचतं. या सगळ्याशी झगडून मोटर थकते. मूळ कारण तसंच ठेवून नवी मोटर बसवली, तर तिचीही तीच गत होते.

आवाज न ऐकता दरवाजा उघडणं

दरवाज्याचं आतलं पॅड काढण्याआधी चावी फिरवा, बटण दाबा आणि दरवाज्याला कान लावा. निम्मं निदान तिथेच होतं.

काहीच आवाज नाही: फ्यूज, बटण, वायर किंवा अर्थिंग. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही: मोटरच्या गिअरचे दात गेलेत, आतले प्लॅस्टिकचे गुटके फुटलेत किंवा काच उचलणाऱ्या मशीनची केबल तुटली आहे. असे गुटके सगळ्या मोटरांत नसतात. जिथे असतात तिथे ते वीस-पंचवीस वर्षांनी ठिसूळ होतात आणि उघडून पाहिलं तर ग्रीसमध्ये पिवळट चुरा मिळतो. त्यासाठी अख्खी मोटर टाकायची गरज नसते. मापाचे नायलॉनचे गुटके लेथवर करून मिळतात; कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात असली कामं होतात.

काच कण्हत कण्हत वर जाते: चॅनेल कोरडी आहे किंवा व्होल्टेज वाटेत गळतंय. दोन-तीनदा वरखाली केल्यावर थांबते आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा चालते: मोटरच्या आतला थर्मल कटआउट, म्हणजे मोटर तापली की सप्लाय तोडणारा स्विच, काम करतोय. इथे बहुतेकदा मोटर शाबूत असते, तिच्यावर ओढ जास्त पडत असते.

मल्टिमीटर चुकीच्या वेळी लावणं

ही चूक जाणते वायरमनसुद्धा करतात. मोटरचा कनेक्टर सोडवून मोजलं आणि 12 व्होल्ट दिसले की ‘सप्लाय आहे, मोटरच मेली’ असं ठरवलं जातं. पण वायरच्या तीस तारांपैकी एक जरी शिल्लक असली तरी लोड नसताना मीटर पूर्ण 12 दाखवतो. कनेक्टर जोडलेला ठेवा, मीटरच्या प्रोब कनेक्टरच्या मागच्या बाजूने टोचा, इंजिन चालू करा आणि काच वर जात असताना मोजा. बॅटरीवर 14 च्या आसपास असताना मोटरवर 12 मिळाले तर ठीक. 10 च्या खाली गेलं तर मोटरला हात लावू नका, आधी वायर आणि बटण बघा.

यानंतर मोटरचा कनेक्टर सोडवून टेस्ट लॅम्पची (दोन वायरी लावलेल्या 12 व्होल्टच्या दिव्याची) एक तपासणी करा; मोटर जोडलेली राहिली तर तिच्यातूनच दिवा पेटतो आणि तोड कळत नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत बटण मोकळं असताना मोटरच्या दोन्ही वायरी बटणातून अर्थला जोडलेल्या असतात. बटण दाबलं की त्यांतली एक प्लसला जाते. लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला लावा, दुसरं आळीपाळीने कनेक्टरमधल्या, बटणाकडून येणाऱ्या दोन्ही वायरींना. बटण न दाबता दोन्हीकडे दिवा पेटायला हवा. एकीकडे पेटला नाही तर त्या वायरीत किंवा बटणात तोड आहे. मागच्या दरवाज्यांचं अर्थिंग अनेकदा ड्रायव्हरच्या मास्टर बटणातून जातं. त्यामुळे मागची खिडकी बंद पडली तरी दोष पुढच्या बटणात निघू शकतो.

मास्टर बटण उघडलं की तांब्याच्या टिकल्यांवर काजळी दिसेल. खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत तिच्याखाली हिरवट पूडही असते. 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. पेट्रोलने धुऊ नका, बटणाचं प्लॅस्टिक तडकतं.

स्प्रिंग न बांधता मोटर सोडणं

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा, कारण इथे बोटं जातात.

काच उचलणाऱ्या मशीनचे मुख्य प्रकार दोन. एकात ड्रमभोवती केबल गुंडाळलेली असते. दुसऱ्यात कात्रीसारखे हात आणि अर्धवर्तुळाकार दातेरी पातं असतं. या दुसऱ्या प्रकारात काचेचं वजन पेलायला बऱ्याचदा गुंडाळीची जाड स्प्रिंग लावलेली असते. मोटरचा वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) त्या पात्याला धरून ठेवतो. मोटरचे तीन बोल्ट सोडले की स्प्रिंग मोकळी होते, मशीनचा हात झटक्यात फिरतो आणि मध्ये जे असेल ते कापतो. काच काढलेली असेल तर झटका आणखी जोराचा, कारण स्प्रिंगला अडवायला वजनच उरत नाही.

म्हणून मोटर सोडण्याआधी दातेरी पातं आणि मागची प्लेट यांच्यातून आरपार 6 मिमीचा बोल्ट घाला आणि नट लावून आवळा. काही मशीनना त्यासाठी समोरासमोर भोकं असतात. नसतील तर दोन्ही पत्र्यांतून एकत्र भोक पाडा. तारेने बांधणं किंवा कोणाला तरी धरायला सांगणं चालत नाही. ही स्प्रिंग माणसाच्या हाताला जुमानत नाही.

काचेचंही तसंच. ती पूर्ण वर करून चौकटीच्या वरून आरपार, आतून बाहेरपर्यंत, रुंद मास्किंग टेपच्या तीन पट्ट्यांनी बांधा. त्यानंतर बॅटरीची मायनस वायर काढा. काच बाहेर काढावीच लागली तर गोणपाटावर ठेवा. टफन काच मधोमध दणका सोसते, पण कडेला जांभ्याची पायरी किंवा लादीचा कोपरा लागला की क्षणात चुरा होते.

खोबरेल तेल, इंजिन ऑइल आणि केबलचा जुगाड

काच जड चालते म्हणून चॅनेलमध्ये खोबरेल सोडणं कोकणात सर्रास चालतं. चार दिवस काच लोण्यासारखी सरकते. मग तेल खवट आणि चिकट होतं, तांबडी धूळ त्यात बसते आणि चॅनेलमध्ये पॉलिश पेपरसारखा थर तयार होतो. काचेवर उभे ओरखडे दिसतात ते याचेच. इंजिन ऑइलने आणि ग्रीसने रबर फुगतं. चॅनेल आधी ओल्या फडक्याने, पट्टीला गुंडाळून, तळापर्यंत पुसा. वाळू द्या. मग फक्त सिलिकॉन स्प्रे. मशीनचे दाते, रोलर आणि लोखंडी रूळ यांना पांढरं लिथियम ग्रीस पातळ लावा, पण जुनं घट्ट ग्रीस आधी खरवडून काढा. रबर दगडासारखं झालं असेल तर कुठलाही स्प्रे त्याला परत आणणार नाही. ते बदला.

केबल तुटली की सायकलच्या ब्रेकची तार घालणं हा आणखी एक आवडता उपाय. जाडी साधारण जुळते, म्हणून तो पटतो. पण ब्रेकची तार कमी आणि जाड पदरांची असते, तिला इतक्या लहान ड्रमवर वळायची सवय नाही. थोड्याच दिवसांत पदर तुटून ड्रममध्ये गुंततात आणि ड्रमही फुटतो. केबलच्या मशीनसाठी त्याच गाडीचा पूर्ण संच शोधा. नवा मिळत नसेल तर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. पाठवणाऱ्याकडून डावा की उजवा, पुढचा की मागचा हे फोटोवरून पक्कं करून घ्या.

बिजागरीजवळची वायर पिळून टेप मारणं

दरवाजा आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायर दर उघडझापीला वाकते आणि तिथेच तुटते. पिळून टेप मारलेला जोड पहिल्या पावसात हिरवा होतो. तिथेच झाळ मारली तर झाळीच्या कडेला वायर कडक होऊन पुन्हा तुटते. वाकणारा सगळा तुकडा बदला: बारीक तारांची लवचिक 2.5 चौरस मिमी वायर घ्या, दोन्ही जोड नळीच्या बाहेर, न वाकणाऱ्या जागी आणा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. अर्थिंगसाठी बिजागरीवर भिस्त ठेवू नका.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून 20 अँपिअरच्या जागी 30 चा कधीही घालू नका. फिरणारी मोटर साधारण 5 ते 10 अँपिअर घेते, अडकलेली 20 च्या वर जाते. मोठा फ्यूज घातला की फ्यूजऐवजी वायर जळते, तीही दरवाज्याच्या आत, जिथे कोणाला दिसत नाही.

आतला प्लॅस्टिकचा कागद फेकून देणं

पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद बऱ्याच गाड्यांत फाटलेला असतो किंवा नसतोच. गॅरेजमध्ये तो बिनकामाचा समजून टाकला जातो, आणि कोकणात याचीच किंमत सगळ्यात जास्त मोजावी लागते. काचेला बाहेरून टेकलेल्या रबरी पट्टीतून, म्हणजे बीडिंगमधून, काचेवरचं पाणी दरवाज्यात उतरणारच, रचनाच तशी आहे. ते तळाच्या भोकांतून बाहेर जायला हवं. कागद नसेल तर ते पॅडवर येतं, हार्डबोर्ड फुगतो, क्लिपा निसटतात आणि पाणी थेट बटणाच्या कनेक्टरवर आणि पायाखालच्या कार्पेटमध्ये जातं.

नवा कागद 150 ते 200 मायक्रॉनचा घ्या, जुन्याच्या मापाने कापा आणि कडेने ब्यूटिल टेपने (चिकट रबरी पट्टीने) चिकटवा. खालची कड दरवाज्याच्या फटीत आत खोचली पाहिजे, म्हणजे ओघळ पुन्हा दरवाज्यातच पडेल. ती बाहेर ठेवली तर सगळी मेहनत वाया. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट वापरू नका, त्यातल्या आम्लाने पत्रा आणि तांबं गंजतं.

तळाची भोकं तांबड्या मातीने आणि सुकलेल्या पानांच्या भुग्याने बुजतात. पत्र्याला धक्का न लावता 3 मिमीच्या वायरीने मोकळी करा. मग बाहेरच्या बीडिंगवरून तांब्याभर पाणी ओता. लगेच खाली धार लागली तर ठीक. थेंब थेंब येत असेल तर अजून आत गाळ आहे. सुटा गंज घासून काढा, रस्ट कन्व्हर्टर, मग प्रायमर आणि शेवटी पोकळीत मारायचं वॅक्स. हे सगळं मृग लागायच्या आत करा, जुलैच्या दमट हवेत रंग धड सुकत नाही. वॅक्स मारल्यावर भोकं पुन्हा तपासा, त्यानेही ती बुजतात.

काच खाली असताना बोल्ट आवळणं

मशीन आणि चॅनेलचे बोल्ट आधी हातानेच लावा. काच पूर्ण वर न्या, वरच्या रबरात ती सरळ बसली आहे ना ते बघा आणि त्याच स्थितीत आवळा. काच खाली असताना आवळलं तर वर जाताना ती तिरकी होते आणि मोटर पुन्हा कण्हते. पॅड बसवण्याआधी इंजिन चालू ठेवून काच पाच-सहा वेळा वरखाली करा आणि मीटर पुन्हा मोटरवर लावा. पहिल्या फेरीत आणि शेवटच्या फेरीत आकडा तोच असेल तरच क्लिपा दाबा.