अंगावर पाजताना दुखतंय? आधी बाळाच्या डोक्यावरचा हात काढा

मला तीन मुलं, तिन्ही अंगावर प्यायली. त्यानंतर बहिणी, जावा, मैत्रिणी अशा कितीतरी जणींच्या शेजारी रात्री-बेरात्री बसलेय, काहींना तर पहाटे तीनला व्हिडिओ कॉलवर सांगितलंय. म्हणून "दूध कमी पडतंय गं, वरचं सुरू कर" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बऱ्याचदा दूध असतं, फक्त बाळाच्या तोंडात ते नीट गेलेलं नसतं, आणि याबद्दल कुणी धड बोलत नाही, सगळे काय खा आणि काय खाऊ नको यावरच.

तयारी काही नाही. पाठीला टेकू, हाताशी पाणी, नखं कापलेली. बस.

कधी घ्यायचं

रडायला लागल्यावर नाही. रडणं ही शेवटची पायरी. त्याआधी बाळ मान इकडे-तिकडे वळवतं, तोंड उघडमीट करतं, मूठ चघळतं, तेव्हाच घ्यायचं. रडून लाल झालेल्या बाळाला आधी उभं धरून शांत करावं लागतं, त्या जिभेने काही पकडता येत नाही. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं नॉर्मल आहे, आणि दोन फीडमधलं अंतर एक फीड सुरू झाल्यापासून पुढचं सुरू होईपर्यंत मोजतात, त्यामुळे "आत्ताच तर प्यालं ना" याला काही अर्थ नाही. घड्याळ फक्त झोपाळू बाळासाठी, विशेषतः कावीळ असेल तर. अशा बाळाला जन्माचं वजन परत येईपर्यंत तीन तासांच्या वर झोपू द्यायचं नाही, कपडे काढा, तळपायाला गुदगुल्या करा, उठवा.

लॅच (बाळाने छाती तोंडात नीट धरणं), म्हणजे खरं काम

पहिल्याच्या वेळी नऊ दिवस मी प्रत्येक फीडच्या आधी पायाची बोटं आवळून बसायचे. सगळ्या म्हणायच्या सुरुवातीला दुखतंच, सवय होईल. सवय कसली, चिरा पडल्या, आणि बाळाने गुळणी टाकली त्यात रक्ताची रेघ दिसली तेव्हा मी हादरलेच (ते माझंच रक्त होतं, बाळाला काही झालं नव्हतं, पण त्या क्षणी कुणाला सुचतंय). नवव्या दिवशी एक नर्स आली, तिने काही लेक्चर दिलं नाही, बाळाच्या डोक्यामागचा माझा हात उचलला आणि चार बोटं खाली, खांद्यांच्या मध्ये ठेवला. एवढंच. बाळाने मान मागे टाकली, आ वासला, आणि पहिल्यांदाच मला दुखलं नाही.

कारण अगदी साधं आहे. ग्लासातला शेवटचा घोट पिताना आपली मान कशी मागे जाते? आता हनुवटी छातीला टेकवून पाणी प्यायचा प्रयत्न करा. बाळाचं डोकं मागून दाबलं की आपण त्याला नेमकं हेच करायला लावतो, वर ते घाबरून मागे ढकलतं आणि आपण म्हणतो बाळ घेतच नाही. तर डोकं दाबायचं नाही. कुणी मदतीला येऊन दाबत असेल तर तिलाही सांगायचं, मग ती कितीही मोठी असो.

आता करायचं कसं ते. थोडं मागे रेलून बसा, वाकू नका. बाळ कुशीवर, त्याचं पोट आपल्या पोटाला चिकटलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत. तोंड एकीकडे आणि अंग छताकडे असं नको. तळहात त्याच्या खांद्यांमध्ये, अंगठा आणि बोटं कानांच्या खाली मानेला आधार देतायत, डोकं मोकळं. बोंडशीच्या समोर बाळाचं तोंड नाही, नाक यायला हवं. इथेच निम्म्या जणी चुकतात. मग बोंडशी त्याच्या वरच्या ओठाला हलकेच घासायची आणि थांबायचं. थोडंसं तोंड उघडलं की कोंबायचा मोह होतो, कोंबायचं नाही, मोठी जांभई देताना उघडतं तेवढं उघडू दे. ते एखाद-दोन सेकंदच उघडं असतं, त्या क्षणी खांद्यांना धरून पटकन जवळ ओढायचं. बाळाला छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही, नाहीतर महिनाभरात पाठ गेलीच समजा. आधी हनुवटी टेकते, मग खालचा ओठ, बोंडशी सगळ्यात शेवटी वरच्या ओठाखालून आत.

हे सगळं कशासाठी? स्वतःची जीभ टाळूवरून मागे नेऊन बघा, कडक भाग संपतो आणि मऊ लागतो. बोंडशी तिथपर्यंत जायला हवी. पुढे कडक टाळूवर राहिली की ती प्रत्येक घोटाला घासली जाते, चिरा पडतात त्या त्यामुळे, कातडी नाजूक असल्यामुळे नाही.

बरोबर लागलं की हनुवटी छातीत रुतलेली असते, नाक मोकळं, गाल भरलेले, आणि भोवतालचा काळा भाग वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतो, खाली कमी. गालाला खळ्या पडत असतील किंवा टक टक आवाज येत असेल तर चुकलंय. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून पकड सोडवायची (ओढून काढाल तर सोलून निघेल) आणि पुन्हा. पाच वेळा लागलं तर पाच वेळा. पहिल्या दिवसांत धरल्याबरोबर अर्धा मिनिट जोरात ओढल्यासारखं वाटतं ते चालतं, पूर्ण फीडभर दुखणं चालत नाही. सोडल्यावर बोंडशी गोल दिसायला हवी, नव्या लिपस्टिकसारखी तिरकी चपटी दिसली तर आत चिमटली गेलीये. इतकं सगळं करूनही दररोज तेच होत असेल तर जिभेखालचा पडदा आखूड आहे का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. मलमं लावत बसू नका, मलमाने लॅच सुधारत नाही.

पोट भरतंय का

पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो, थोडासाच, आणि तेवढाच लागतो. त्या वेळी पिळून बघून "काहीच नाही" म्हणू नका. नंतर लक्ष कानाकडे द्या, लुचताना एक-दोन ओढींनंतर हलका "क्-ह" असा गिळल्याचा आवाज येतो. पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा शू, आणि काळी शी जाऊन पिवळी आलेली हवी. वजन सुरुवातीला थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत यायला हवं. छाती मऊ वाटणं, पंपात कमी येणं, बाळ तासाभरात परत मागणं, यातलं काहीही दूध कमी असल्याचा पुरावा नाही.

खरंच कमी असतं अशाही बायका असतात. थायरॉइड, आधीचं छातीचं ऑपरेशन, बाळंतपणात खूप रक्त जाणं अशी कारणं असतात. शू कमी, बाळ सुस्त, वजन उतरतच चाललंय तर आधी बाळाचं पोट भरा, डॉक्टरांना विचारून वरचं द्या, लॅचचं नंतर बघू. त्यात लाज कसली. फक्त पाणी देऊ नका, उन्हाळा असला तरी नाही.

छाती दगड झाली तर

दूध भरून आलं की भोवतालचा भाग टणक होतो आणि बाळाला धरताच येत नाही. पाजायच्या आधी बोंडशीभोवती बोटं ठेवून मिनिटभर छातीच्या दिशेने हलकं दाबून धरा, तेवढा भाग मऊ होतो. पाजून झाल्यावर थंड शेक. गाठ रगडून मोडणारे हात दूर ठेवा, रगडल्याने सूज वाढते. ताप, थंडी, लालसर गरम पट्टा दिसला तर डॉक्टर, पण पाजणं थांबवायचं नाही.

संध्याकाळ आणि झोपवणं

संध्याकाळी सहा ते दहा बाळ सुटतच नाही, पाच मिनिटं पितं, रडतं, परत मागतं. दूध आटलेलं नाही, बाळाची मागणी अशीच असते. सोफ्यावर बसा, जेवण कुणीतरी भरवा, जाऊ द्या वेळ. पण डोळा लागेल असं वाटलं तर सोफ्यावरून उठा, बाळासोबत सोफ्यावर झोप लागणं फार धोक्याचं. रडणं साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जातं आणि मग उतरतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ सेल्सिअस किंवा वर ताप असेल तर मात्र वाट बघायची नाही, थेट डॉक्टर.

पोट भरलंय, ढेकर झाली, लंगोट कोरडा, तरी रडतंय? कपडे काढून उघड्या छातीवर घ्या, वरून चादर पाठीपर्यंतच. बाबालाही हे जमतं, आणि बऱ्याचदा जास्त जमतं कारण त्याच्या अंगाला दुधाचा वास नसतो. झोपलं की लगेच खाली ठेवू नका. आधी हात उचलून बघा, हात लुळा पडला म्हणजे झोप खोल गेली. मग सपाट, कडक गादीवर उताणं, उशी नाही. आधी कुल्ले टेकवायचे, मग पाठ, डोकं शेवटी, आणि आपला हात त्याच्या छातीवर आणखी मिनिटभर तसाच ठेवायचा, श्वास सोडत सोडत काढायचा. उठलं तर परत उचलायचं.