गिअर जड पडतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढं करून बघा

गिअर अडकायला लागला की पोटात गोळा येतो, कारण गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे मोठं काम. पण मॅन्युअल गाडीत दोष बऱ्याचदा गिअरबॉक्सच्या बाहेरच निघतो: क्लचमध्ये, गिअरच्या दांड्यापासून निघणाऱ्या केबलमध्ये, नाहीतर जुन्या ऑइलमध्ये. हे तिन्ही स्वतः तपासता येतं. ऑटोमॅटिक गाडीची गोष्ट वेगळी, तिला यातलं काही लावू नका.

आधी त्रास नेमका लिहून काढा. कोणता गिअर, इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर, खर्र आवाज येतो की नुसता जड लागतो? मग त्याच मॉडेलच्या मालकांना विचारा. ‘गिअर पडत नाही, काय करू?’ असं विचारलं की दहा जण दहा गोष्टी सांगतात. ‘सकाळी पहिली दहा मिनिटं दुसरा गिअर खरखरतो, नंतर नाही’ असं सांगितलं, की ज्याने हेच भोगलंय तो बरोबर बोलतो. त्याला दोन गोष्टी विचाराच: तुमच्या गाडीचं इंजिन आणि वर्ष कोणतं, आणि काम केल्यावर गाडी किती किलोमीटर चालली? एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळे गिअरबॉक्स असू शकतात. आणि काम करून न बघता दिलेला सल्ला मी तरी बाजूला ठेवतो.

आता गाडीकडे. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना अडतात, तर संशय क्लचवर. खात्रीसाठी मोकळ्या जागेत, ब्रेक दाबून, इंजिन चालू ठेवा. क्लच पूर्ण दाबून पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही खर्र झालं तर क्लच पुरता सुटत नाहीये. केबलचा क्लच असेल तर त्याचा प्ले, म्हणजे पेडलची सुरुवातीची मोकळी चाल, गाडीसोबतच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे (मॅन्युअल) लावा. हायड्रॉलिक असेल तर क्लचच्या ऑइलची पातळी बघा. ती खाली गेली असेल तर बहुधा कुठेतरी गळती आहे, नुसतं भरून भागणार नाही.

इंजिन बंद असतानाही जड लागत असेल, तर कुणाला तरी दांडा हलवायला सांगा आणि बॉनेट उघडून केबलचं दुसरं टोक बघा. माझ्या गाडीत दांडा बोटभर हलायचा, तरी टोक जागचं हलायचं नाही. तिथला प्लास्टिकचा बुश, म्हणजे केबलचं टोक धरून ठेवणारी छोटी कडी, हातात घेतला तर त्याचा भुगा झाला. नवा बसवायला वीस मिनिटंही लागली नाहीत.

राहिलं गिअरबॉक्सचं ऑइल. दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा म्हणजे ऑइल पातळ होतं. सपाट जागी जॅकने उचला, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका, स्टँड लावाच. ऑइल भरायचा वरचा बोल्ट आधी सोडवा, ऑइल काढायचा खालचा नंतर. वरचा गंजून बसलेला असेल आणि खालून ऑइल काढून टाकलं असेल, तर गाडी जागेवरच अडकते.

खालच्या बोल्टला बहुधा चुंबक असतं. त्यावरचा काळपट लगदा चिमटीत चोळा. ग्रीससारखा मऊ असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटांना कण टोचले किंवा गिअरच्या दातांचे तुकडे दिसले, तर इथेच थांबा आणि मेकॅनिक गाठा.

मॅन्युअलमध्ये जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तर तेच घाला. आकडा मोठा म्हणून जीएल-५ चांगलं, असं नसतं. त्यातली काही रसायनं सिंक्रोनायझरच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगांना मारक ठरू शकतात. बोल्टना नवे वॉशर लावा. बहुतेक गिअरबॉक्समध्ये भरायच्या भोकातून ऑइल बाहेर झिरपू लागलं की पातळी झाली, पण मॅन्युअल बघून घ्या.

गाडी फिरवून आणा आणि रात्रभर खाली पुठ्ठा अंथरून ठेवा. सकाळी त्यावर डाग दिसला तर आधी बोल्ट आणि वॉशर तपासा.