कथेतला निवेदक आणि पात्रं कशी वाचावीत

कथा संपली की पहिला प्रश्न मनात येतो, 'लेखकाला काय म्हणायचंय?' तो थोडा मागे ठेवावा. आधी तीन साध्या प्रश्नांची उत्तरं शोधावीत. हे कोण सांगतंय, म्हणजे कथेचा निवेदक कोण? कुणाला सांगतंय? आणि घडून गेल्यावर किती काळाने सांगतंय? उत्तरं मिळाली की पात्रांबद्दलची आपली मतं बऱ्याचदा बदलतात, आणि त्यांच्याबरोबर कथेचा अर्थही.

सरावासाठी कादंबरी नको. दहा ते पंधरा छापील पानांची एक कथा घ्यावी. जुने दिवाळी अंक याला फार चांगले. पुणे नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयाचे सभासद असाल (ते 1848 पासून सुरू आहे), तर अंक घरी आणून कथेची झेरॉक्स काढावी. ग्रंथालयाच्या प्रतीवर खुणा करू नयेत. दोन रंगांच्या पेन्सिली आणि एक कोरा कागद जवळ ठेवावा. पहिलं वाचन मात्र पेन्सिल न उचलता, एका बैठकीत करावं. ज्याला कथेने आधी ओढून नेलं नाही, त्याला तिचं विश्लेषण कोरडंच वाटणार.

पायरी 1: आवाज ओळखा

दुसऱ्या वाचनात पहिली दोन पानं सावकाश वाचा. 'मी' आहे का, एवढंच पाहून थांबू नका. मराठी क्रियापद निवेदकाबद्दल बरंच सांगून जातं. 'मी आले' म्हणताच बाई बोलते आहे हे कळतं, पण 'मी पाहिलं' या वाक्यात ते कळत नाही. 'आपण' म्हटलं की ऐकणाराही त्यात येतो, 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहतो. 'वडील आले' आणि 'बाप आला' यांत घटना एकच, पण नातं वेगळं.

आणखी चार शब्दांवर नजर ठेवावी: 'म्हणे', 'बहुधा', 'जणू', 'असणार'. 'तो चिडला होता' म्हणणारा निवेदक जाणतो, किंवा जाणतो असं भासवतो. 'तो चिडला असणार' म्हणणारा अंदाज करतो. 'तो चिडला म्हणे' म्हणणारा तिथे नव्हताच. एका रंगाने हे शब्द अधोरेखित करत गेलात की निवेदकाला किती ठाऊक आहे याचा नकाशा दोन-तीन पानांत तयार होतो.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे निवेदक आणि लेखक एकच समजणं. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 1890 साली सुरू झालेल्या 'करमणूक' या साप्ताहिकातून क्रमशः आली. ती नायिका यमू स्वतःच्या तोंडून सांगते. लिहिणारा पुरुष, सांगणारी बाई. शिवाय लहानपणीची यमू आणि ते आठवून सांगणारी मोठी यमू यांच्यातही अंतर आहे. छोटीला जे कळलं नव्हतं ते मोठीला कळलेलं आहे. त्या अंतरातच वाचकाच्या जिवाला चटका बसतो.

पायरी 2: तीच घटना तीन तोंडांनी

ही पायरी वगळू नये. आधी एक नमुना पाहू. सदाशिव पेठेतली मेस. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी हिंगोलीहून आलेल्या एका मुलाचे दोन महिन्यांचे पैसे थकलेत. मेसच्या काकू न विचारता त्याच्या ताटात एक पोळी जास्त वाढतात. घडतं ते एवढंच.

मुलगा सांगतो: 'काकूंनी न विचारता पोळी टाकली. मी मान वर केली नाही. पैशांची आठवण करून द्यायची त्यांची ही रीत होती.'

काकू सांगतात: 'पोरगं हल्ली दोन पोळ्यांवर उठतं. मी आपली तिसरी टाकली आणि पुढच्या ताटाकडे वळले. बघत राहिले असते तर त्याने तीही ठेवली असती.'

तिऱ्हाईत सांगतो: 'काकूंनी पोळी वाढली. मुलाने मान वर केली नाही. शेजारच्या ताटावरचा मुलगा दोघांकडे पाहत होता.'

पहिल्यात पोळी म्हणजे टोचणी, दुसऱ्यात माया. तिसऱ्यात काय ते वाचकाने ठरवायचं, आणि नवा साक्षीदार आल्यामुळे मुलाची लाज अधिकच जाणवते. मुलाचे 'रीत होती' हे शब्द नीट पाहा. तो 'असावी' म्हणत नाही. आपला तर्क त्याने खरं म्हणूनच मांडला आहे. अशा ठिकाणी दुसऱ्या रंगाची खूण करावी.

आता आपल्या कथेतला असा एक प्रसंग निवडा आणि आठ ते दहा ओळींत दुसऱ्या पात्राच्या तोंडून लिहा. घटना बदलायची नाही, संवादही बदलायचे नाहीत. लिहिताना जिथे अडाल ती जागा मोलाची. त्या पात्राच्या मनात काय होतं हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर निवेदकाने ते कळूच दिलेलं नाही. मग का दिलं नाही, हा प्रश्न घेऊन परत कथेकडे जावं.

पायरी 3: पात्राचा कागद

कोऱ्या कागदावर मुख्य पात्रासाठी चार रकाने आखा: पात्र काय करतं, काय बोलतं, इतर पात्रं त्याच्याबद्दल काय म्हणतात, निवेदक त्याला कोणती विशेषणं लावतो. प्रत्येक रकान्यात पाच-सहा नोंदी पुरतात. मग शेवटचा रकाना हाताने झाका. 'बिचारा', 'लबाड', 'सोशिक' हे शब्द गेल्यावर उरलेल्या नोंदींतून तेच पात्र उभं राहतं का? राहत असेल तर निवेदकावर भिस्त ठेवायला हरकत नाही. वेगळंच माणूस दिसू लागलं, तर निवेदकाचा कल सापडला.

पात्राची बोलीही याच कागदावर टिपावी. निवेदन प्रमाण भाषेत आणि एकाच पात्राच्या तोंडी ग्रामीण बोली असेल, तर निवेदक त्याच्याकडे थोडा लांबून पाहतो आहे. निवेदनच बोलीत असेल तर ते अंतर मिटतं. कधी कधी तृतीयपुरुषी निवेदनात अवतरणचिन्हाशिवाय एखादं वाक्य येतं: 'तो खिडकीशी गेला. आता घरी काय तोंड दाखवायचं?' दुसरं वाक्य निवेदकाचं की पात्राचं? शब्द पात्राचे, पण ते निवेदनात मिसळून गेलेले. अशा वाक्यांना समासात फुली करावी. निवेदक कुणाच्या मनाजवळ उभा आहे ते फुल्या कुठे दाट आहेत यावरून दिसतं.

इंग्रज कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर यांनी 1927 साली पात्रांची सपाट (एकाच गुणाभोवती उभी) आणि गोलाकार (अनेक पैलूंची, आपल्याला चकित करू शकणारी) अशी विभागणी केली. ती उपयोगी आहे, पण सपाट म्हणजे फसलेलं असं नाही. दारात दोन मिनिटं येऊन जाणारा पोस्टमन सपाटच हवा.

पायरी 4: निवेदकावर किती विसंबायचं

'अविश्वसनीय निवेदक', म्हणजे ज्याच्या सांगण्यावर पूर्ण विसंबता येत नाही असा निवेदक, ही कल्पना अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी 1961 साली मांडली. ती नव्याने कळली की प्रत्येक 'मी' खोटारडा वाटू लागतो, आणि त्यात चांगल्या कथांवर अन्याय होतो. पुरावा असल्याशिवाय संशय घेऊ नये. पुरावा तीन ठिकाणी मिळतो: निवेदकाचं म्हणणं आणि त्याची कृती जुळत नाही; इतर पात्रांचे संवाद त्याच्या निष्कर्षाला छेद देतात; किंवा एकाच घटनेचे तपशील दोन ठिकाणी वेगळे येतात. यांपैकी किमान दोन सापडले तरच शंका घ्यावी. आणि पुरावा सापडला तरी निवेदक खोटं बोलतो असंच होत नाही. तो लहान असेल, दुखावलेला असेल, किंवा स्वतःला वाचवत असेल. मेसमधला मुलगा खोटं बोलत नाही, त्याला लाज वाटते आहे.

इतकं हाताला बसलं की कादंबरीकडे वळावं. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'त (1959) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तीन निवेदक आहेत. आधी कादंबरी क्रमाने पूर्ण वाचावी. नंतर फक्त देवयानीची निवेदनं सलग वाचावीत आणि चार रकान्यांचा कागद ययातीसाठी भरावा. मग शर्मिष्ठेच्या निवेदनांवरून त्याचाच दुसरा कागद करावा आणि दोन्ही शेजारी ठेवावेत.