सायकलने कामावर जाताना: लेन सरळ आहे तोवर ठीक, कोपऱ्यावर काय?

सायकलने ऑफिसला जातो म्हटलं की सल्ले सुरू होतात. हेल्मेट घाल, भडक रंगाचा शर्ट घाल, पाणी जवळ ठेव. ते सगळं तुम्ही करालच. हवा, ब्रेक, पुढचा-मागचा दिवा घरातून निघतानाच बघायचा, त्यावर मी शब्द खर्च करत नाही. मी चोडणहून फेरीबोटीने रायबंदरला उतरतो आणि तिथून सायकलने पणजी गाठतो. अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत सरळ रस्त्यावर मला कुणी धक्का दिलेला नाही. जे झालं ते कोपऱ्यावर झालं.

म्हणून रस्ता निवडताना अंतर बघू नका, फाटे मोजा. रायबंदर ते पणजीतलं पाटो हा १६३३-३४ सालचा पोर्तुगीज बांध अरुंद आहे, वाहतूकही भरपूर, पण तीनेक किलोमीटर फाटा म्हणून जवळजवळ नाहीच. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं. दुपारनंतर समुद्राकडचा वारा सुटतो आणि घरी जाताना पाठीवर घेता येतो, हा फुकटचा फायदा. पर्वरीवाल्यांनी सरळ बेतीची फेरी धरावी. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाक्यांनाच सोडत नाहीत, सायकलीचं तर बोलायलाच नको.

आता वेगळी लेन. कठडा किंवा खांब घालून सायकलींसाठी राखलेला पट्टा आपल्याकडे सलग असा फारसा नाहीच. जिथे मिळेल तिथे त्याच्या मधोमध चालवा. शेजारी गाड्या लावलेल्या असतील तर दार उघडेल एवढी जागा सोडा. कायद्याने मोटारगाडीला सायकल ट्रॅकवर चालायला मनाई आहे, तरीही मध्येच स्कूटर लावलेली सापडेल. मालकाला शोधून वाद घालू नका. थांबा, मागे बघा, मग बाहेर पडा.

लेनबद्दल एवढं पुरे. खरी गोम आहे ती लेन जिथे तुटते त्या जागी.

आपण डावीकडून जातो, गाड्या आपल्या उजव्या हाताला. गाडीला डावीकडे वळायचं असेल तर तिला आपली वाट कापूनच जावं लागतं. साध्या रस्त्यावर निदान तुम्ही तिच्या डोळ्यांसमोर तरी असता. कठड्याच्या लेनमध्ये मधे खांब, झाडाची कुंडी, उभ्या गाड्या. शंभर मीटर तुम्ही दिसलाच नाहीत, म्हणून चालक तुम्हाला विसरलेला असतो. म्हणजे ज्या कठड्याने इथवर सांभाळलं, त्यानेच कोपऱ्यावर आपल्याला लपवलेलं असतं. नेदरलँड्समध्ये यावर तोडगा म्हणून कोपऱ्यात एक छोटं बेट बांधतात. गाडीला वेग कमी करून जवळजवळ काटकोनात वळावं लागतं आणि सायकलवाला चालकाच्या समोर येतो. आपल्याकडे ते बेट नाही, तेव्हा वेग आपणच कमी करायचा.

मला हे कळायला एक मिनीबस लागली. ऑगस्ट महिना, पाऊस, सिग्नल नुकताच हिरवा झालेला. बस माझ्या उजवीकडे उभी होती. लेन माझी, सिग्नल माझा, म्हणून मी निघालो. बसचं तोंड पुढून निघून गेलं तेव्हा वाटलं सुटलो. पण लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, ती आत कापत येतात. बसची कूस माझ्याकडे सरकत आली. मागच्या चाकाचे गंजलेले नट मी मोजू शकलो असतो इतके जवळ होते, आणि चिखल अडवायचं रबर माझ्या चपलेला घासून गेलं. मी कडेच्या दगडावर आपटलो, हँडल वाकलं, कोपर फुटलं. चालकाला पत्ताच नव्हता. इंडिकेटर? तो लावलाच नव्हता.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. कोपरा वीसेक मीटरवर आला की पायडल मारणं बंद आणि दोन्ही ब्रेकवर बोटं. मान वळवून उजव्या खांद्यावरून मागे बघायचं. आरसा लावलात तरी मान वळवा, कारण मान वळलेली मागच्याला दिसते. मग शेजारच्या गाडीचं पुढचं चाक बघायचं. इंडिकेटर खोटं बोलतो, चालकाच्या डोळ्यांत बघा म्हणणाऱ्यांनी पावसातली काच पाहिलेली नसते, पण चाक वळल्याशिवाय गाडी वळत नाही. गाडी बरोबरीने असेल तर तिला जाऊ द्या. आणि सिग्नलला उभ्या बस-ट्रकच्या डाव्या कुशीत कधी, कधीच घुसू नका. एक तर मागे थांबा, नाहीतर इतके पुढे उभे राहा की चालकाला जागेवर बसून तुमची पाठ दिसेल.

काळ्या पाटीवर पिवळे आकडे दिसले की दुप्पट सावध. भाड्याची गाडी, पाहुणा चालक, नजर मोबाईलच्या नकाशावर. नकाशा म्हणाला ‘डावीकडे’ की तो तिथल्या तिथे वळतो. पायलटांना, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्यांना, मात्र कोपरे पाठ असतात. त्यांचा धोका वेगळा, गिऱ्हाइकाने हात केला की जागीच थांबतात.

हे सगळं आमचा पोदेर, म्हणजे सायकलवर पाव विकणारा, माझ्या आधीपासून करत होता. मागे पावांची पाटी, वर निळं प्लास्टिक. कोपऱ्यावर आला की दोनदा पों-पों वाजवतो, कडा सोडून मधे येतो आणि गाडी गेल्याशिवाय पायडल मारत नाही. एकदा विचारलं, एवढा वेळ का घालवतोस? म्हणाला, ‘‘बाब, पाव सांडले तर गिऱ्हाईक मला विचारतं, गाडीवाल्याला नाही.’’ काचा लावून एसीत बसलेल्याला घंटी ऐकू जात नाही. मीही रबरी भोंगा बसवला. ऑफिसात हसले, हसू देत.

उजवीकडे वळायचं तर दोन टप्प्यांत: आधी सरळ पलीकडे, तिथे सायकल फिरवून पुढच्या सिग्नलची वाट बघा. मधल्या लेनमध्ये घुसण्याची मर्दुमकी नको.

पावसाळ्यात रंगाचे पट्टे, लोखंडी झाकणं आणि शेवाळलेले पेव्हर सरळ हँडलने, ब्रेक न मारता ओलांडा. रेनकोटची टोपी कान आणि कडेची नजर दोन्ही झाकते, त्यापेक्षा हेल्मेटखाली साधी कॅप घाला. फेरीच्या उतारावर, विशेषतः ओहोटीला, उतरून चाला.

पहिल्या चकरेसाठी रविवारची सकाळ घ्या आणि आपले कोपरे मोजा. पाटोपासून ऑफिसपर्यंत माझे नऊ आहेत. त्यातल्या दोनांवर मी आजही उतरतो आणि सायकल हातात धरून पलीकडे जातो.