पुण्याहून जुन्नर: मुलांना घेऊन दोन दिवसांची सहल कशी आखावी

एका दिवसात ओझर, लेण्याद्री, शिवनेरी आणि जमलंच तर नाणेघाट, असा बेत करून पुण्यातून बऱ्याच गाड्या निघतात. मोठ्यांना तो कसाबसा झेपतो. सहा वर्षांचं मूल मात्र लेण्याद्रीच्या अर्ध्या पायऱ्यांवर बसकण मारतं, त्याला कडेवर घेऊन वर जावं लागतं, आणि शिवनेरीच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत गाडीतले सगळेच एकमेकांवर खेकसत असतात. मुलं बरोबर असली की दोन दिवसांत एकच मोठा चढ ठेवावा, आणि तोही रविवारी सकाळी. शनिवारी ठेवला तर लवकर उठलेली, अडीच-तीन तास गाडीत बसलेली मुलं ऊन चढल्यावर पायऱ्यांना लागतात. रविवारी तीच मुलं झोप पुरी करून, पायथ्याच्या जवळूनच निघतात.

तारीख आणि वाट

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा. मार्चपासून दहानंतर कातळ तापतो. पावसाळ्यात नाणेघाट देखणा असतो, पण धुक्यात कड्याची धार दिसत नाही आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. दहा वर्षांखालची मुलं असतील तर तो मोह टाळावा. तारीख ठरवण्याआधी कॅलेंडर उघडून त्या शनिवार-रविवारी संकष्टी किंवा विनायकी चतुर्थी नाही ना, ते बघावं. ओझर आणि लेण्याद्री दोन्ही अष्टविनायकांतले, त्यामुळे चतुर्थीला रांगेतच सकाळ जाते. (अंगारकीची धास्ती नको, ती मंगळवारीच येते.) १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर शिवजन्मोत्सवाला प्रचंड गर्दी असते. लहान मुलांना गड नीट दाखवायचा असेल तर पुढचा-मागचा आठवडा धरावा.

पुण्याहून जुन्नर सुमारे ९५ किलोमीटर. मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव अशी वाट. खरी अडचण चाकणची. सकाळी सातच्या आत चाकण मागे पडलं पाहिजे, म्हणजे घरून सहाला किंवा त्याआधीच निघावं लागतं. मुलांना आदल्या रात्रीच बाहेरचे कपडे घालून झोपवलं की सकाळी फक्त उचलून गाडीत ठेवायचं. नाश्ता घरी करायचा नाही, आठच्या सुमारास मंचरच्या पुढेमागे करायचा.

गाडी लागणाऱ्या मुलाला निघताना दूध देऊ नये. कोरडा खाखरा किंवा दोन बिस्किटं पुरतात. मोबाइलवर खाली मान घालून बसलेल्या मुलाला सर्वांत आधी मळमळतं, म्हणून त्याला मागच्या सीटवर मधोमध, समोरच्या काचेतून रस्ता दिसेल असं बसवावं आणि पट्टा लावावा. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाचं आसन नसेल तर १००० रुपये दंड आहे. मांडीवर घेऊन पुढे बसणं तर दंडाच्याही पलीकडचा धोका. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे, निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यावी. मळमळायला लागल्यावर दिलेली गोळी उलटीतच बाहेर पडते.

एसटीनंही जाता येतं. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, त्याखाली तिकीट नाही, आणि २०२३ पासून महिलांनाही निम्मं भाडं. फक्त जुन्नर स्थानकावरून पुढच्या रिक्षेचं मुक्कामाच्या माणसाशी आधीच बोलून ठेवावं.

मुक्काम ठरवताना फोनवर काय विचारावं

जुन्नर-नारायणगाव भागात कृषी पर्यटन केंद्रं बरीच आहेत. फोटोत झोपाळा, बैलगाडी, द्राक्षबाग सगळं दिसतं. विचारायचं ते फोटोत नसलेलं.

पहिला प्रश्न शेततळ्याचा. या भागात बहुतेक मोठ्या बागायतदारांकडे प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं असतं. त्याचे काठ उतरते असतात आणि ओला कागद शेवाळानं इतका निसरडा होतो की पोहता येणारा मोठा माणूससुद्धा आधाराशिवाय वर येऊ शकत नाही. हात ठेवायला जागाच नसते. काठावर वाकून मासे बघणारं मूल घसरलं तर आवाजही होत नाही. म्हणून "तळ्याला कुंपण आहे का" एवढ्यावर थांबू नये. कुंपण चारही बाजूंनी आहे का, फाटकाला कुलूप असतं का, काठावर दोर किंवा ट्यूब बांधलेली आहे का, हे विचारावं. पोहोचल्यावर चहाच्या आधी स्वतः फेरी मारून बघावं. कुंपण नसेल आणि मुलं सात-आठ वर्षांखालची असतील तर ती जागा सोडून दुसरी घ्यावी, खोली कितीही छान असो.

दुसरा प्रश्न बिबट्याचा. जुन्नरच्या उसात बिबटे राहतात, त्यांची पिल्लंही तिथेच वाढतात. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. खोलीला लागून संडास-बाथरूम आहे का, अंगणात रात्रभर दिवा असतो का, ऊस किती लांब आहे, हे विचारून घ्यावं. दिवेलागणीनंतर मुलं अंगणाबाहेर जाणार नाहीत हा नियम तिथे पोहोचताच सांगावा. वाकून, बसून खेळणारं लहान मूल बिबट्याला माणसासारखं उभं दिसत नाही, म्हणून एकटं सोडू नये.

बाकीचे प्रश्न छोटे, पण रात्र वाचवणारे. जेवण साडेसातला मिळेल का (न विचारता ते साडेनऊलाच येतं), बिनतिखट वरणभात वेगळा काढतील का, गरम पाणी बंबाचं की सोलरचं आणि किती वाजेपर्यंत, मुलांचे पैसे कोणत्या वयापासून धरतात, शनिवारी अकरालाच खोली देतील का. मोठ्यांनी मासवडी-रस्सा जरूर सांगावा, पण आदल्या दिवशी. ती ऐनवेळी होत नाही.

शनिवार

नारायणगावहून थेट ओझर गाठावं. नऊच्या आसपास देवळात गर्दी कमी असते, पायऱ्या चढायच्या नाहीत आणि कुकडी नदी शेजारीच आहे. घाटावर मुलाचा हात सोडू नये. एवढंच. बारापर्यंत मुक्कामी येऊन जेवण, मग दुपारची झोप. "इथवर आलोय तर" म्हणून झोपेच्या वेळेत लेण्याद्री घुसवू नये, संध्याकाळी त्याची किंमत मोजावी लागते. चारनंतर बागेत फिरणं, गोठा बघणं. जानेवारी-मार्चमध्ये द्राक्षं तोडायला मिळाली तर आधी धुऊन मगच मुलांच्या हातात द्यावीत, कारण बागेत फवारणी झालेली असते.

शेतात बूट, अंधारात बॅटरी. साप चावलाच तर कापाकापी, घट्ट बांधाबांधी नको. तो अवयव हलू न देता १०८ला फोन करावा आणि जुन्नर किंवा नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयाची वाट धरावी.

रविवार: शिवनेरी

गडावर सकाळी किती वाजता सोडतात ते आदल्या संध्याकाळी यजमानांना विचारून पहिल्या तासातच वर लागावं. गाडी बरीच वर जाते, तिथून पायऱ्या आणि एकामागून एक सात दरवाजे. हे दरवाजे म्हणजे मुलांसाठी आयते टप्पे. प्रत्येक दरवाजात दोन मिनिटं थांबून दोन घोट पाणी, तहान लागायची वाट न बघता. पाच-सहा वर्षांचं मूल या चालीनं तासाभरात वर पोहोचतं. तीनच्या आतल्यांसाठी पाठीवरची झोळी हवी, उतरताना ते चालणार नाहीत हे गृहीत धरावं.

जुन्नरच्या बाजूनं साखळीची वाटही वर येते. मुलांबरोबर ती घेऊ नये. वर शिवाई देवी, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, शिवजन्मस्थान आणि बदामी तलाव एवढं पुरे. पुढे कडेलोटाच्या टोकाकडे लहान मुलांना नेऊ नये. कातळात आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर नको, धूर नको, दगड मारणं तर अजिबातच नको. माश्या उठल्या तर हात न झटकता तोंड झाकून लांब निघावं.

पाणी माणशी एक लिटर, मुलांना पाऊण. ओआरएसची पुडी नेताना तिच्यावरचं माप वाचावं: मोठी पुडी एक लिटर पाण्यात, छोटी २०० मिलीत. मोठी पुडी एका पेल्यात ढवळली की मीठ जास्त होऊन मुलाचं नुकसानच होतं. खायला राजगिरा लाडू, गूळपोळी, काकडी. माकडांच्या देखत पिशवी उघडू नये.

पडझड होते ती उतरताना. मुलं पळत सुटतात आणि पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. चढताना मोठ्यानं मुलाच्या मागे राहावं, उतरताना एक पायरी पुढे, आणि मूल कायम भिंतीच्या बाजूला. सँडलचा मागचा पट्टा सैल असेल तर गाडीतच बूट घालायला लावावेत.

साडेदहा-अकरापर्यंत खाली, अंघोळ, बाराला जेवण आणि एकला गाडी हलली तर चाकण बऱ्यापैकी मोकळं मिळतं. मुलं नऊ-दहा वर्षांची आणि अंगात दम असलेली असतील तर शिवनेरीऐवजी लेण्याद्री घेता येईल, पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. दोन्ही नको.

निघायला चार वाजलेच तर घाईनं चाकणच्या गर्दीत शिरण्यापेक्षा मंचरला सातला जेवून घ्यावं, तिथेच मुलांचे हातपाय धुऊन, शू करवून झोपायचे कपडे घालावेत आणि मग पुढे निघावं.